रेघ जोडणाऱ्या मॅडम

कागद हातात आला की त्या आधी चष्मा कपाळावर सरकवत, मग एक डोळा मिटून कागद लांब धरत, जणू भिंत ओळंब्यात आहे का ते बघताहेत. त्यानंतर ठरलेला प्रश्न यायचा. ‘‘ही रेघ जोडायला हाय का तोडायला?’’

आमच्या पंचायत समितीत त्या विस्तार अधिकारी होत्या आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. असं माणूस तुमच्याही कचेरीत एखादं असेल. सगळे त्याला टाळतात, आणि कागद अडला की त्याच्याकडेच जातात.

माझा पहिलाच मसुदा जनावरांच्या लसीकरणाचा होता. ‘प्रति, मा. पशुवैद्यकीय अधिकारी’ असं मी टाइप केलं, पण ओळ तुटली ती ‘पशु’ पाशी. ‘मा. पशु’ वर राहिले आणि ‘वैद्यकीय अधिकारी’ खाली गेले. मॅडमनी कागद माझ्यापुढे ठेवला, म्हणाल्या, डॉक्टर चांगला माणूस आहे, त्याला असं म्हणू नये. कुठला शब्द सलग लिहायचा, कुठे जोडरेघ द्यायची, ओळीच्या शेवटी कुठे तोडायचं, इंग्रजीत कुठलं अक्षर कॅपिटल, हे सगळं त्या दिवसापासून माझ्यामागे लागलं. लोकांना वाटे बाईंना दुसरं काम नाही. त्यांना ते काम खेळासारखं आवडायचं, एवढंच.

जवळा बाजारच्या रस्त्यावरच्या एका गावात पेंटरनं शाळेच्या भिंतीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ लिहायला घेतलं. जागा संपली तेव्हा त्यानं उरलेली अक्षरं कोपऱ्यापलीकडच्या भिंतीवर घेतली. औंढ्याकडून येणाऱ्याला नुसतं ‘हागणदारी’ दिसायचं आणि बाजाराकडून येणाऱ्याला ‘मुक्त गाव’. ग्रामसेवक घाबरून म्हणाला, पुसून टाकतो. मॅडमनी थांबवलं. ‘‘कोपऱ्यावर रेघ काढा. मानूस वळून तरी बघंल.’’ रेघ काढली गेली. पुढे कित्येक दिवस मोटारसायकलवाले त्या कोपऱ्याशी वेग कमी करून मान वळवत.

आता मुख्य गोष्ट. एका गावाची आणि शेजारच्या तांड्याची मिळून एक ग्रामपंचायत होती. नाव सांगत नाही, सरपंच अजून तिथंच आहेत. कार्यालयाची नवी इमारत झाली आणि पाटी रंगवायची ठरली. सरपंच गावातले, तर उपसरपंच तांड्यावरच्या एक वयस्क बाई. पाटीचा नमुना मंजुरीला आमच्याकडे आला. त्यात गावाचं नाव ठसठशीत, आणि तांड्याचं नाव त्याखाली बारीक, कंसात. इंग्रजीतही तसंच. गाव सगळं कॅपिटल अक्षरांत आणि तांडा सगळा लहान अक्षरांत.

त्याच दिवशी उपसरपंच बाई कचेरीत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. नमुन्यावर बोट ठेवून त्यांनी मॅडमना विचारलं, ‘‘आमचं अक्षर ल्हान काहून?’’

मॅडमनी सरपंचांना बोलावून घेतलं. सरपंचांचं म्हणणं सरळ होतं. पाटी वाचता आली म्हणजे झालं, अक्षराच्या मापानं काय बिघडतं? त्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, जोडगावांची नावं एकाच मापात, कंस न घालता, मध्ये जोडरेघ देऊन लिहायची, असं परिपत्रक आहे. मी मान खाली घातली. तसलं कुठलंही परिपत्रक माझ्या माहितीत नव्हतं. नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘असायला पायजे होतं ना? मग.’’

सरपंच काही कच्चे नव्हते. त्यांनी माहितीच्या अधिकारात त्या परिपत्रकाची प्रत मागितली. अर्जाला उत्तर देणाऱ्या माहिती अधिकारी मॅडमच होत्या. मला वाटलं, आता मॅडम गटविकास अधिकारी साहेबांच्या हातापाया पडून एखादं परिपत्रक काढून घेतील. त्यांनी सरळ उत्तर लिहिलं की असं परिपत्रक या कार्यालयात उपलब्ध नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र मला इंग्रजीत टाइप करायला लावला. गावाचं नाव कॅपिटल, आणि खाली सरपंचांचं नाव कंसात, सगळं लहान अक्षरांत, सापडेल त्या सर्वात बारीक मापात. त्या शेजारी उभ्या राहून भाजलेले फुटाणे खात होत्या.

पाकीट मिळताच सरपंच कचेरीत हजर झाले. पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘माझं नाव असं काहून?’’

‘‘पोष्टमनला वाचता आलं ना?’’ मॅडमनी विचारलं. ‘‘बराबर घरी पोचलं ना?’’

सरपंचांनी पाकीट परत उचललं. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांनी आतलं पत्रही परत वाचलं.

‘‘म्हंजे परिपत्रक न्हाईच.’’

‘‘न्हाई.’’

‘‘तुमी खोटं बोलल्या.’’

‘‘व्हय. तक्रार करा, तुमाला अधिकार हाय.’’

सरपंच चहा पिऊन गेले आणि त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. पाटी बदलली आणि तक्रारही केली. वरून मॅडमना लेखी ताकीद आली. त्यांनी ती एक डोळा मिटून वाचली, लाल पेनानं त्यातल्या चुका दुरुस्त केल्या आणि मगच त्याच प्रतीवर पोच दिली. त्यावरून आणखी एक ताकीद आली. तिच्यात मात्र चूक नव्हती. तो कागद त्यांनी मला कौतुकानं दाखवला.

पाटी लागली त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. पाटी हाताला येईल एवढ्याच उंचीवर होती. फोटो काढून मंडळी पांगली तेव्हा उपसरपंच बाई पुढे आल्या. त्यांनी गावाच्या पहिल्या अक्षरावर वीत ठेवली, ती तशीच उचलून तांड्याच्या पहिल्या अक्षरावर ठेवली. मग खालच्या इंग्रजीवरही तेच केलं. सरपंच जरा अंतरावरून बघत होते.

‘‘बराबर हाय,’’ त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसला.

मॅडमकडे अशा वेळी काहीतरी खोचक बोलणं तयार असायचं. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला आणि उगाच काचा पुसत बसल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब भले आहेत, कुणाला ओरडत नाहीत. सकाळी ठेवलेला कागद दुपारी सही होऊन येतो. परवा पाण्याची टाकी धुण्याबद्दल एक सूचना टाइप करायची होती. मी तिच्यात मुद्दाम ‘कर्म’ एका ओळीत ठेवलं आणि ‘चाऱ्यांनी नोंद घ्यावी’ दुसऱ्या ओळीत, मधे रेघ न देता. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि दारापाशी उभा राहिलो.

साहेबांनी सही केली. वर बघून म्हणाले, ‘‘अजून काही हाय का?’’

नाही म्हणालो, आणि कागद घेऊन बाहेर आलो.