सुतकातली कॅसेट

डोंगरातल्या आमच्या निक्शिच गावात माणूस गेला की आधी घरातला रेडिओ बंद होतो, आणि मग कुणीतरी इकोनियाला बोलवायला धावतं. निदान ती होती तोवर असंच होतं.

इकोनिया विलाप करायची. म्हणजे रडायची नाही; रडायला घरची माणसं असतात. ती पेटीच्या डोक्याशी उभी राहायची आणि मेलेल्याला हाक मारून कडव्यामागून कडवं रचत जायची. त्याचा बाप, आजा, आई, बहिणी, त्याने लावलेले अक्रोड, सगळे नावानिशी यायचे. कुणाचं नाव राहिलं तर तो विलापच नव्हे, असं तिचं मत होतं. पोलाद कारखान्यातल्या एका फोरमनच्या मरणाची निम्मं खातं वाट बघत होतं. त्याच्यावर तिने असा काही विलाप केला की तीच माणसं हुंदके देऊन रडली, आणि घरी गेल्यावर त्यांना त्याचा फार राग आला.

स्वतःच्या मुलाच्या मातीला मात्र तिने तोंड उघडलं नाही.

मुलाचं नाव वुक्सान. घरामागे आमच्याकडे असते तशी उन्हाळ्याची चूल मांडायची खोली होती. तिथे भिंतींना जुन्या गाद्या टांगून तो गिटार घेऊन बसायचा. मी त्याला शाळेत भाषा शिकवली. ती त्याला आली नाही, पण गाणी यायची. माझा टेपरेकॉर्डर त्याने एका दिवसासाठी नेला आणि त्यावर आपली सगळी गाणी भरली. त्या कॅसेटींच्या नकला, नकलांच्या नकला गावभर फिरल्या. शेवटी त्याचा आवाज पिंपातून आल्यासारखा यायचा, तरी कारखान्यापासून दारूभट्टीपर्यंतच्या पोरांना प्रत्येक ओळ पाठ होती. बेलग्रेडच्या एका कंपनीने मात्र त्याला सांगितलं, गाणी बरी आहेत, नीट करून आणा. ती नीट करायचं त्याच्या मनात होतं.

एक्याण्णवच्या शरदात लढाई पेटली आणि राखीव सैनिकांना बोलावणं आलं, वुक्सानलाही. पळून निघालेल्या त्याच्या एका दोस्ताच्या गाडीत एक जागा होती, बुडापेस्टपर्यंतची. बापाने, रादोयित्साने, जेवताना एवढंच म्हटलं, "या घराण्यात कुणी पलंगाखाली लपलेलं नाही."

"मी पलंगाखाली नाही, हंगेरीत जातोय," वुक्सान म्हणाला.

"पलंग मोठा, एवढाच फरक."

वुक्सानने आईकडे बघितलं. इकोनियाने उठून त्याची पिशवी भरायला घेतली. धुरावलेलं मांस, लोकरीचे मोजे. म्हणाली, "जा रे, बोलावणं आलंय तिकडे. पंधरवड्यात परत येशील. तुझ्या बापाला गावात तोंड राहील."

संध्याकाळी तो मागच्या खोलीत जाऊन काहीतरी टेप करत बसला. सकाळी कॅसेट आईच्या हातात दिली. "ठेव. कुणाला देऊ नकोस, अर्धवट आहे." आणि सैनिकांची बस समुद्राच्या दिशेने, आघाडीवर गेली.

आईचा शब्द खरा झाला. तो पंधरवड्याच्या आतच परत आला, बंद पेटीत.

घरातल्या रेडिओवर काळं फडकं पडलं. आमच्याकडे मुलाचं सुतक वर्षाचं, आणि सुतकात घरात गाणं वाजत नाही. विलापाला कुणी गाणं म्हणत नाही. कॅसेट कोपऱ्यात, घरच्या संताच्या तसबिरीमागे ठेवली होती. तिची कुणकुण लागलेली पोरं वर्ष सरायची वाट बघत राहिली. वर्ष सरलं, तेव्हा इकोनियाचा भाऊ वारला. त्याचं संपतंय तोवर मुलाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता गेला, आणि तो तर रक्ताच्या नात्याहून जवळचा. मग रादोयित्सा. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण पुढे नाती पातळ होत गेली. नवऱ्याच्या मावसभावाच्या सासूसाठी तिने अख्खं वर्ष धरलं, तेव्हा खुद्द त्या मावसभावाने विचारलं, "कोण, आमची ती म्हातारी? आम्ही चाळीस दिवसांत सोडलं."

शेजारीण दारिंका बाजारात, चारचौघींत म्हणाली, "इकोनिया, परवा आमची कोंबडी गेली गं. वर्षाचं धरतेस की चाळीस दिवसांचं?"

"कोंबडी कुठल्या घराण्यातली, त्यावर आहे," इकोनिया म्हणाली. "तुमच्यातली असेल तर संध्याकाळपर्यंत पुरे."

खरं कारण तिने मला एकदाच सांगितलं. मी लाकडं उतरवून घ्यायला मदत करत होतो.

"मास्तर, त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे."

"ऐकलंस?"

"ऐकायला कशाला पाहिजे? त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मोजे काढले. रात्री बसून त्याने मला दोष देत माझ्यावरच गायलं असेल. मी त्याच्या जागी असते तर गायलं असतं." मग म्हणाली, "सगळ्या गावाला माझा विलाप ऐकवलाय मी. माझ्या पोराने माझ्यावर काय रचलं ते ऐकायची छाती नाही."

अशी सोळा वर्षं गेली. मग बेलग्रेडहून रेल्या आला. तिशीचा होता, दाढी राखलेली, पाठीवर यंत्रांची पिशवी. वुक्सानच्या राहिलेल्या गाण्यांची तबकडी काढायची होती, आणि कुणी न ऐकलेली ही एकच कॅसेट उरली होती. इकोनियाने कॉफी केली, राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, पेले भरले. मलाही बोलावून घेतलं.

"मावशी, फीत काय कायम टिकत नाही," रेल्या म्हणाला. "आणखी थोडी वर्षं गेली की नुसती खरखर येईल."

"सुतक आहे, बाळा."

"अरेरे. कोण गेलं?"

 इकोनिया बोटांवर आठवू लागली. त्या वर्षी तिच्या नात्यागोत्यातल्या माणसांनी तिला चांगलाच दगा दिला होता. एकही मेलं नव्हतं.

ती उठली. रेडिओवरचं फडकं काढून त्याची घडी केली, संताची तसबीर सरकवली आणि कॅसेट टेबलावर ठेवली.

रेल्याने ती लावली. फितीत आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग गिटार. गाणं ब्रेक नसलेल्या मोपेडचं होतं. दारूभट्टीच्या उतारावरून ती खाली येते आणि सिनेमाची तिकिटं विकणाऱ्या मुलीच्या खिडकीशी थांबायचं म्हणते, पण थांबत नाही. चाल अशी की रेल्याचा पाय हलायला लागला. दुसऱ्या कडव्यात दोन ओळींनंतर शब्द संपले, वुक्सान नुसताच ला-ला करत राहिला आणि मग थांबला. घसा खाकरला.

"दुसरं कडवं जमत नाहीये," तो म्हणाला, कुणाला सांगत होता कोण जाणे. "आल्यावर नीट करतो. आई म्हणतेय, पंधरवडाच आहे."

खट्. मग खरखर.

"हेच!" रेल्या ओरडला. "हे बोलणं कापायचं नाही, हेच तर..." आणि मग त्याला कळलं, तो कुणाच्या स्वयंपाकघरात बसलाय ते. तो पेल्यात बघत राहिला.

"पुन्हा लाव," इकोनिया म्हणाली.

त्याने पुन्हा लावली. मोपेड पुन्हा उतारावरून आली.

"ह्यात बापाचं नाव नाही," ती म्हणाली. "माझ्यावरही काही नाही."

"रागावला नव्हता तो, इकोनिया," मी म्हणालो. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

"तेच तर. माझा पंधरवडा त्याला खरा वाटला होता." तिने कॅसेट रेल्याच्या हातात दिली. "ने. माझ्याकडे नको."

तबकडी पुढे निघाली, ते बोलणंही तीत आहे. आता जर्मनीला कामाला निघालेली पोरं बसस्थानकावर आयांना मिठी मारून म्हणतात, "पंधरवडाच आहे, आई!" सगळे हसतात, आयासुद्धा.

पण ते नंतरचं. कॅसेट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर पुन्हा काळं फडकं होतं. दारिंकाने कुंपणावरून मान उंचावली.

"आता कोण गं, बाई?"

"वुक्सान."

दारिंकाने छातीवर क्रूसाची खूण केली. "अगं, त्याला सोळा वर्षं झाली!"

"मला काल कळलं," इकोनिया म्हणाली.

ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिने विलाप सुरू केला. अंगणं भरली, कुणी कामाला गेलं नाही. पणजा आला, आजा आला, बाप आला, पलंगाचंही कडवं आलं. मग आईचं कडवं आलं आणि ती स्वतःच्या नावापाशी थांबली.  पुन्हा पणज्यापासून सुरुवात केली. आईपाशी पुन्हा थांबली.

दुपारी पाऊस लागला तेव्हा लोक एकेक करून घरात गेले. ती पुन्हा पणज्यापाशी आली होती.