सुभाषनं चालवलेली लीग

नदीमचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. तास चालू असताना तो कधी फोन करत नाही, म्हणून व्हरांड्यात येऊन घेतला. "सुनंदा, अपना सुभाष गया," एवढंच म्हणाला. सुभाष देवगाव रंगारीला भावाकडं गेला होता. दुपारी जेवला, ओसरीवर जरा टेकला, आणि उठलाच नाही. याला आता काही आठवडे झाले. अजूनही सकाळी उठल्याबरोबर माझा हात मोबाइलकडं जातो, कालच्या सामन्याचा निकाल बघायला.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे. मी मुलींच्या सॉफ्टबॉल संघात होते, ते दोघं मुलांच्या. सुभाष मेंढपाळाच्या घरातला. रानात भरकटलेल्या मेंढीच्या पुढ्यात नेमकं ढेकूळ टाकून तिला वळवायचं, हे लहानपणापासूनचं काम. त्याचा चेंडू तसाच यायचा, सरळ आणि न बोलता. पुढं खांदा दुखावला आणि खेळ सुटला. तो वाळूजच्या एका कंपनीत लागला, मी शिक्षिका झाले, नदीमनं शहरातल्या छावणी भागात सायबर कॅफे टाकला. त्या कॅफेतच सुभाषला इंटरनेटवरचा तो बेसबॉलचा खेळ सापडला. "सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ हाय," त्यानं आम्हाला समजावलं. ज्याचा त्यानं काल्पनिक खेळाडूंचा संघ बांधायचा. कोण किती मारतो, किती पळतो, कुणाचा हात कसा, हे सगळं आकड्यांत ठरलेलं. आपण फक्त फलंदाजीचा क्रम लावायचा, चेंडू कोण टाकणार ते सांगायचं. सामना कॉम्प्युटर खेळणार.

संघांना नावं आपापल्या गावा-वस्तीची: सुभाषचा देवगाव, नदीमचा छावणी, माझा पदमपुरा. पुण्या-नाशिकला गेलेले कॉलेजचे आणखी काही मित्र आले आणि लीग उभी राहिली. वेळापत्रक, निकाल, भांडणं मिटवणं, सगळं सुभाषकडं. प्रत्येक सामन्याचं वर्णन तो मराठीत लिहून पाठवायचा. दुष्काळाच्या एका वर्षी त्यानं लिहिलं होतं, 'वावटळ आल्यानं खेळ थोडा थांबला. दोन्ही संघांनी माठातलं पाणी जपून प्यावं.' त्या उन्हाळ्यात गावाकडं चारा उरला नव्हता. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, बहुतेक मेंढरं विकली आणि ते पुंडलिकनगरला मुलाकडं राहायला आले. सुभाषनं घर बांधलं तेव्हा पलीकडं मोकळं माळरान होतं. आता खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं दिसायचं. आप्पांना दिवस सरत नसे. ते लेकाच्या मागं खुर्ची टाकून बसायचे.

"कोण खेळतंय?"

"आपलं देवगाव, आप्पा."

"मंग कुणी दिसत का नाय?"

"कॉम्प्युटर खेळतंय."

"आन् मंग तू कशाला बसलाय?"

हे तो आम्हाला सांगून हसायचा. आप्पा मात्र शेवटपर्यंत रोज विचारत राहिले, आज देवगाव जितलं का.

त्यानंतर नदीमची बायको रुबिना गेली. मोबाइल आल्यापासून कॅफे बंदच पडला होता, त्यात हे. नदीम कुणाचा फोन घेईना. छावणीचा संघ तसाच पडून राहिला. पुण्याच्या मित्रांचं म्हणणं पडलं की तो काढून टाकू, दुसरा कुणी घेऊ. सुभाषनं ऐकलं नाही. "कुणाचं घर बंद असलं म्हणून पाडीत नसतात," म्हणाला. नदीम परत येईपर्यंत छावणीचा क्रम तोच लावू लागला. आणि नेमकी अंतिम फेरी पडली देवगाव आणि छावणीत. दोन्ही संघ त्याच्याच हातात. त्यानं छावणीचा सगळ्यात चांगला चेंडू टाकणारा गडी देवगावसमोर उभा केला. मी फोन केला. म्हटलं, "अरे, त्याला विश्रांती द्यायची होती. कुणी काही म्हणालं नसतं. सगळं तुझ्याच हातात होतं."

"व्हय," तो म्हणाला. "म्हणूनच."

देवगाव एका धावेनं हरलं. दुसऱ्या दिवशी सुभाष मला घेऊन छावणीत गेला. नदीम खाटेवर बसलेला, दाढी वाढलेली. सुभाष त्याच्या शेजारी टेकला. "नदीम, तू फायनल जीत गया."

नदीमनं मान वर केली. "किससे?"

"मेरेसे."

नदीम हसला. किती महिन्यांनी, कोण जाणे. हसता हसता त्याला रडू फुटलं, आणि सुभाष त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता बसून राहिला... त्या महिन्यापासून नदीमनं पुन्हा क्रम लावायला घेतला.

आता लीगचं काम नदीम बघतो. देवगावचं काय करायचं, हे सुभाषच्या बायकोला विचारायला मी परवा गेले. मंगलताई मोरीत होत्या. नळाला पाणी आलं होतं. घागर भरली की सरकवायची, दुसरी लावायची, आणि प्रत्येक घागरीला तोंडातल्या तोंडात एक नाव... राघू, भिवा, धाकटा नाना, सखाराम. मी दारात थांबून ऐकत राहिले. देवगावचा फलंदाजीचा क्रम होता तो, एकही नाव मागंपुढं नाही.

"पाणी भरताना हे रोज म्हणायचे," त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या. "आता माझ्या तोंडात बसलंय. कोण हायत ही सगळी, ते मला ठावं नाय."

मी सांगितलं. खेळ काय, संघ काय, सगळं. त्या नळ बंद करून ऐकत होत्या.

"मंग आता त्यास्नी काढून टाकणार?"

"तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी पदराला हात पुसले. "नको. खेळू द्या. पण भिवाला आधी धाडा. दुसऱ्या नंबरावर झोपतो म्हणून हे रोज चिडायचे, ते त्याच्यावरच, आता कळलं. तरी कधी बदललं नाय." मग आत जाऊन त्यांनी सुभाषची खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसून सांगा. इथं मी बसते."