रूथमावशीने मोडलेली करंगळी

रूथमावशी गेल्याचं तिच्या भाचीने फोनवर सांगितलं आणि मी आधी माझ्या उजव्या करंगळीकडे पाहिलं. ती पेरापाशी वाकडी आहे. रडू नंतर आलं…

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात मावशी गायची आणि मी की-बोर्ड वाजवायचो. गायची कसली, युद्ध पुकारायची! विंचूरच्या कार्यक्रमात एकाने पुढे येऊन तिचा पदर ओढला. तिने ओळ न सोडता माइकच्या स्टँडने त्याचा दात पाडला आणि मुखडा बरोबर समेवर आणला. लोकांनी वन्समोअर दिला. गाण्याला की दाताला, देव जाणे. तो गृहस्थ मात्र तोंडाला रुमाल लावून शेवटपर्यंत बसला होता.

साठी उलटल्यावर तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील, असं डॉक्टर सांगेनात. मावशी म्हणाली, "विजू, त्याआधी एक कॅसेट. माझी स्वतःची प्रार्थनागीतं. सोबत फक्त पियानो. ढोलक आणलास तर तुझ्याच डोक्यात फोडीन."

गंगापूर रोडच्या एका बंगल्यात पियानो होता. मालकीणबाईंनी तीन दुपारी दिल्या. आता, आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांना एक खोड असते. गायक श्वास घ्यायला थांबला की मधली जागा भरायची, नाहीतर लोक शिट्ट्या मारतात. मी मावशीच्या प्रत्येक श्वासात सुरांच्या रांगोळ्या घालू लागलो. पहिल्या दुपारी तिने वही फेकून मारली. दुसऱ्या दुपारी चप्पल… नेम अचूक, थेट कानशिलावर.

"मुडद्या, मला श्वास तरी घेऊ दे!"

"मावशी, रिकामं वाटतं हो!"

"वाटू दे!"

तिसऱ्या दुपारी शेवटचं गाणं होतं, आईला माती देऊन आल्यावर तिने रचलेलं. ती थांबली. माझा हात सरकला… आणि मावशीने पियानोचं झाकण आपटलं. चार बोटं निसटली, करंगळी सापडली. हाड कडकन मोडलं. मी गुरासारखा ओरडलो.

मावशीने स्वतःच्या रुमालाने बोट करकचून बांधलं. "नऊ उरलीत. पुरेत. पहिल्यापासून घे."

रेकॉर्डिंगवाला चाचरत म्हणाला, "ताई, मधे काहीच वाजत नाय. मागून तबला टाकू का?"

"टाक की," मावशी म्हणाली आणि तिने झाकणावर हात ठेवला. तो खाली बसला.

मी रडत वाजवलं. ती थांबली की मीही थांबायचो, हिंमतच नव्हती. त्या शांततेत तिचा श्वास ऐकू येतो, खरखरीत, खोल ओढलेला. अख्ख्या कॅसेटमध्ये त्याच्याइतकं सुरेल काही नाही.

ऑपरेशनमध्ये आवाज गेलाच. पुढची आठ-नऊ वर्षं मावशी खुणांनी बोलली. खुणा म्हणजे बहुतेक चापट्याच. कॅसेट लावली की नुसते ओठ हलवायची. श्वासाची जागा आली की माझ्याकडे डोळे वटारायची.

गेल्या महिन्यात तिच्या स्मृतिसभेत मी तेच गाणं एकट्याने वाजवलं. ती थांबायची ती जागा आली. मेली सवय… करंगळी उचलली गेली. मी पटकन मान खाली घातली.

चप्पल आली नाही.