शनीचं कडं आणि निटुरेंचा तुलना तक्ता

१६ ऑगस्ट २०२१ रोजी मृत्युंजय निटुरे यांनी ११,४९९ रुपयांना दुर्बीण घेतली. लातूरच्या एका डाळमिलमध्ये ते एकतीस वर्षं हिशेब बघत होते. घरखर्चाशी काडीचा संबंध नसलेली त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच खरेदी, म्हणून त्यांनी ती आईच्या नावावर टाकली. तसं ते खोटंही नव्हतं.

आई नीलाबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांचे यजमान शिवप्पा हयात असताना अंगणात बाजेवर पडून सांगायचे, "शनीला कडं असतं बरं का. सगळ्या जगाला धाक दाखवणारा गडी, अन् स्वतः दागिना घालून हिंडतो!" तेवढा एक दागिना बघायचा राहिला, असं नीलाबाई अधूनमधून म्हणत. त्यात उदगीरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेलाच आहे, उजव्याचा पडदाही झिजतोय. चार-पाच वर्षं धरून चाला. म्हणजे घाई होती. मृत्युंजयरावांनी ताबडतोब काम सुरू केलं. बाजारात जाऊन एक कोरं रजिस्टर आणलं.

पहिल्याच पानावर दोन नियम लिहिले. पहिलं दर्शन आईचं. तोवर घरातल्या कुणीही, त्यांनी स्वतःसुद्धा, दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. आणि सगळा संच पूर्ण झाल्याशिवाय दर्शन नाही.

दुर्बिणीच्या पेटीत डोळ्याकडची दोन भिंगं आणि तिवई होतीच. पण पेटीतली भिंगं म्हणजे लग्नात आहेराला आलेले कप, असं त्यांनी इंटरनेटवर वाचलं. शेजारचे राजशेखर सर जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "निटुरे साहेब, आहे ते लावा अन् बघा. सध्या शनी झकास दिसून राहिलाय."

"सर, अर्धवट व्हाउचर मी आजवर पास केलं नाही."

चांगल्या भिंगासाठी तीन ठिकाणचे भाव मागवून तुलना तक्ता करण्यात आला. नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानदाराने भिंग म्हणताच चष्म्याचा नंबर विचारला. निटुरेंनी तेही तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं. शेवटी ऑनलाइन मागवलेलं भिंग दोन इंची निघालं आणि दुर्बिणीत भिंग बसवायचं तोंड सव्वा इंची. माल परत पाठवायची मुदत सात दिवसांची होती. निटुरेंचा तपासणी अहवाल नवव्या दिवशी पूर्ण झाला.

२०२२ च्या खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजायला मांडली. नीलाबाईंनी विळीला, शिलाई मशीनला आणि स्कूटरला विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढले, तसेच दुर्बिणीच्या पुढच्या काचेवरही ओढले. मृत्युंजयराव धावले आणि हाताला लागलेल्या बनियनने काच खसाखसा पुसली. राखेचे दोन बारीक ओरखडे कायमचे उमटले.

"इभूत पुसतात का रे मृत्युंज्या? शिव शिव!" नीलाबाई म्हणाल्या. "देवानंच वरबाडलं बघ."

मग काच साफ करायचा संच आला: रबरी फुंकणी, ब्रश, द्रव आणि तीन कापडं. त्याच्या पाठोपाठ दव सुकवायचा गरम पट्टा आला. ज्या गावाला एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, त्या गावात दव पडून काच धुरकट होईल, ही काळजी करणारा निटुरे हा एकमेव माणूस असावा. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून लाल बॅटरी घेतली. कॅमेरा जोडायची रिंग घेतली. कॅमेरा घरात नव्हता. चंद्राचा झगमगाट कमी करणारी काच, म्हणजे मून फिल्टर, कुरिअरवाल्याने दारात आणली तेव्हा सुटे नव्हते, म्हणून आईच्या बटव्यातून ३४० रुपये घेतले. "संध्याकाळी देतो," म्हणाले.

पत्नी मंजुश्री कपाट आवरताना एकदा म्हणाली, "अहो, रुखवत तर मांडून झालं. आता दुर्बिणीचं लग्न कधी?"

"तिवई मजबूत हवी."

"तुमच्या गुडघ्यांपेक्षा आहे की."

तिवईही बदलली. रविवार, २३ नोव्हेंबर २०२५ रोजी रजिस्टरातल्या सतराही बाबींपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. निटुरेंनी खाली सही केली, तारीख टाकली. दिवेलागणीला राजशेखर सरांच्या मदतीने नीलाबाईंना खुर्चीसकट गच्चीवर नेलं. निटुरेंनी शनी शोधायला चाळीस मिनिटं लावली, कारण चार वर्षांत त्यांनी दुर्बीण कधी आकाशाकडे वळवलीच नव्हती. पहिलं दर्शन आईचं असल्यामुळे तेही डोळा न लावता, नळीला समांतर बघत नेम धरत होते. शेवटी सरांनी नियम मोडून डोळा लावला, दुर्बीण जागेवर आणली आणि ते बाजूला झाले.

नीलाबाईंनी उजवा डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"गोळा हाय."

"अन् कडं?"

"कडं न्हाई."

मृत्युंजयरावांनी भिंग बदललं. दुप्पट मोठं दाखवणारी नळी जोडली. ती काढून दुसरं भिंग लावलं. फुंकणीने फुंकलं.

"न्हाई रे बाबा. मोडून खाल्लं वाटतं त्यानं."

निटुरेंनी सरांकडे बघितलं. सर घसा साफ करत म्हणाले, "कडं आपल्याकडे कड करून आडवं झालंय. ताट कडेनं धरलं की कशी नुसती रेघ दिसते, तसं. पंधरा वर्षांतून एकदा होतं."

"मग परत कधी?"

"नीट दिसायला तीन-चार वर्षं."

"आणि एकवीस साली?"

"तेव्हा चांगलं उघडं होतं. पेटीतल्या भिंगातूनही दिसलं असतं."

मग नीलाबाईंनी साधाच प्रश्न विचारला. "तवा तू काय करून राहिला होतास रे?"

मृत्युंजयरावांनी हातातलं रजिस्टर उगाच मिटलं. "भाव काढत होतो."

"हाव. लई काढलास."

त्यांना खाली न्यायला मंजुश्री पुढे झाली, पण त्या उठेनात. पश्चिमेला शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चंद्राची बारीक कोर होती. "त्यो तरी दाखव. त्यो हाय तवर," म्हणाल्या.

सरांनी दुर्बीण वळवली. नीलाबाईंनी वाकून डोळा लावला. "अगं बया," त्या म्हणाल्या. "छिन्नीनं टाकी लावलेल्या पाट्यावानी हाय की. सगळीकडं घाव."

"थांब, मून फिल्टर लावतो!" मृत्युंजयराव पिशवीत हात घालून डबी शोधू लागले.

नीलाबाईंनी दुर्बिणीवरून डोळा न काढता त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नगंस."

ते तसेच उभे राहिले. कोर टाकीआड जाईपर्यंत नीलाबाईंनी मनगट सोडलं नाही.

मून फिल्टरची डबी अजून फोडलेली नाही. नीलाबाईंचे ३४० रुपये द्यायचे आहेत.