अध्यक्षांना उभं केलं तेव्हा

त्या माणसाचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाची शीर उठते. अकोल्याच्या एका संस्थेचा अध्यक्ष. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची कायम जागा निघाली होती. मी अमरावतीत नऊ वर्षं तासिका तत्त्वावर राबत होते. दर जूनला नवा अर्ज, दर एप्रिलला घरी. ही नोकरी मला हवीच होती.

मुलाखतीत नमुना पाठ घ्यावा लागतो. वर्गात पोरं नसतात, निवड समितीच विद्यार्थी होऊन बाकांवर बसते. पाठाच्या विषयासाठी मी उचललेल्या चिठ्ठीत इन्फिनिटिव्हल रिलेटिव्ह क्लॉज निघाला. गाइडमधली व्याख्या वाचून तो कुणाला कळत नाही. मलाही कित्येक वर्षं कळला नव्हता, आणि मास्तरांनी त्याचं खापर माझ्या खेड्यावर फोडलं होतं.

मी फळ्यावर लिहिलं, ‘राहायला घर’. म्हणजे ज्यात राहायचं ते घर. मराठीत तो ‘ज्यात’ आपण खुशाल गाळतो. इंग्रजीत ‘अ हाऊस टू लिव्ह’ म्हणून भागत नाही, शेवटी ‘इन’ लागतोच.

पहिल्या बाकावर अध्यक्ष मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत होते. समितीला प्रश्न विचारायचा तो हवेत, आणि उत्तरही आपणच द्यायचं, हा रिवाज इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होता. पण माझं डोकं फिरलं.

“तुम्ही, उभे राहा. ‘लिहायला पेन’ इंग्रजीत सांगा.”

ते गडबडून खरंच उठले. “अ पेन टू राइट.”

“चूक. ‘विथ’ कुठं गेलं? पेननं लिहायचं ना? बसा.”

व्हरांड्यात प्राचार्यांनी मला गाठलं. “मॅडम, शिकवलं तुमी झकास. पण अध्यक्षायले काहून उभं केलं?”

जागा गाइड वाचून दाखवणाऱ्याला मिळाली.

आठवड्यानं प्राचार्यांचाच फोन आला. “अध्यक्ष म्हणून राहिले का ते ‘विथ’चं मले त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. त्यायच्या नातीची बारावी आहे. घरी येऊन शिकवता का?”

म्हणजे कळलं होतं त्या नालायकाला. कळूनही त्यानं मला डावललं होतं. फोन तोंडावर आपटायला हवा होता.

“किती वाजता येऊ?” मी विचारलं.