खिशातली हरभऱ्याची डाळ
भिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा वास आला, की कचेरीसमोरील चिंचेखालची ती दुपार आजही माझ्यासमोर उभी राहते. तेथे माझे अर्ज लिहिण्याचे टेबल होते आणि शेजारी एक पोपटवाला भविष्य सांगत बसे. तो चहाला गेला, की मी गुपचूप पिंजरा उघडीत असे. घडीचा कागद चोचीत धरून माझ्या हाती आणून देण्याची विद्या मी त्या पोपटास खिशातल्या डाळीच्या जोरावर पंधरवड्यात शिकविली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. त्या दुपारी चंदगडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एका बाईने नवऱ्याच्या मृत्यूचा मूळ दाखला माझ्या टेबलावर ठेवला; वारसनोंदीची सुनावणी तासाभरावर होती. इतक्यात शेजारी गिऱ्हाइकासाठी पिंजरा उघडला गेला. पोपट चिठ्ठ्या सोडून थेट टेबलावर चढला, जीर्ण दाखला ओढू लागला आणि घडीवर त्याचे दोन तुकडे झाले. “पाखरू आवर तुझं, तक्रार लिहीन!” मी ओरडलो. “सायेब, ह्येला फकस्त चिठ्ठी काढायला शिकिवलंय की मी,” पोपटवाला रडकुंडीला आला. पोपटाने मात्र अर्धा दाखला माझ्या हाती दिला आणि बक्षिसासाठी माझ्या खिशात चोच खुपसली. डाळ टेबलावर सांडली. बाई दाण्यांकडे बघत राहिली. “पाखराला खिसा बरा ठावं हाय की वो तुमचा,” एवढेच ती म्हणाली. सुनावणी पुढे ढकलण्यासाठीच्या तिच्या मुदतवाढीच्या अर्जात कारण म्हणून मी ‘दाखला पक्ष्याने फाडला’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले. त्या पक्ष्यास शिकविणारा मी होतो, हे उरलेले वाक्य आज प्रथमच लिहीत आहे.