अळंबीवाल्या ओमा

कोणी हातात अळंबी धरून "ही खाता येते का?" असं विचारलं, की ओमा उत्तर द्यायच्या नाहीत. ॲप्रनच्या खिशातून घडीची सुरी काढायच्या, अळंबी देठापासून टोकापर्यंत उभी चिरायच्या आणि विचारणाऱ्याला दटावायच्या, "आधी कापायचं. मग बोलायचं."

जर्मनीतल्या गेर्लिंगेनमध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. माझी मुलगी त्यांना ओमा म्हणायची, म्हणजे आजी. मग आम्हीही तेच म्हणू लागलो. त्या रीतसर परीक्षा दिलेल्या अळंबी-सल्लागार होत्या. वसंतातल्या रविवारी सकाळी दाराशेजारच्या बाकावर बसायच्या आणि लोकांनी आणलेल्या टोपल्या तपासून द्यायच्या. फुकट. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. घराघरात त्याचा उपयोग, आणि त्याच्यावर वेळ आली की सगळी दारं बंद.

मी त्यांना पहिल्यांदा विचारलं होतं, "मोर्शेल कुठे मिळतात?" मोर्शेल म्हणजे आपल्याकडे काश्मीरहून येते ती गुच्छी. पुण्यात एका लग्नाच्या पुलावात तिचे दोन तुकडे खाल्ले होते, तेवढीच माझी ओळख.

ओमा उखडल्या. "सगळे कुठे विचारतात! कधी, ते कोणी विचारत नाही."

एप्रिलमध्ये दोन उबदार सरी होऊन गेल्यावर त्यांनीच माझं दार वाजवलं. ओढ्याकाठच्या ॲश नावाच्या झाडांखाली नेलं. झाडांना अजून पानं नव्हती, खाली रानलसणाचा वास सुटला होता. मला जमिनीत बोटं खुपसायला लावून त्यांनी विचारलं, "गारठा चावतो का?"

"नाही."

"मग वेळ झाली. चावत असेल तर घरी जायचं."

तासभर मला पाचोळ्याशिवाय काही दिसलं नाही. मग एक दिसली, मधमाश्यांच्या पोळ्याचा तुकडा देठावर खोचावा तशी, आणि तिच्या आजूबाजूला आणखी आठ-दहा. मी पिशवी उघडली तर ओमांनी माझा हात धरला. "तुझ्या कढईपुरती घे. बाकीची जंगलाची." जुन्या सफरचंदाच्या बागांमध्येही मिळतात, हे त्यांनी परतताना सांगितलं, आणि कच्ची कधीच खायची नाही, हे तीनदा.

पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा आमचा मराठी शेजारी बरोबर आला. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जर्मन यथातथाच, पण 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर' हा शब्द त्याला फार आवडायचा. ओमांच्या प्रत्येक वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत तो फोटो काढत होता. ओमांनी त्याला थांबवून, चेहऱ्यासमोर बोट नाचवत सांगितलं की मोर्शेलची एक विषारी सोंगाडी बहीण असते, तिचं नाव लोर्शेल. नावात एका अक्षराचा फरक. मोर्शेल चिरली की आत टोकापासून देठापर्यंत एकच पोकळी. लोर्शेल बाहेरून मेंदूसारखी वळकट्यांची आणि आत कप्पेच कप्पे. "शंका असली तर माझ्याकडे यायचं. नसली तरी यायचं!"

"गेनाऊ," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी शनिवारी तो एकटाच पलीकडच्या पाइनच्या जंगलात गेला आणि पिशवीभर घेऊन आला. ओमांच्या दारावरून जिना चढून वर गेला. दाखवलं नाही, कापून पाहिलं नाही. मोबाइलवरच्या ॲपने मोर्शेल म्हटलं, त्याला पुरेसं वाटलं. बायकोला शनिवारचा उपास होता, म्हणून ती वाचली. हा एकटाच जेवला.

रविवारी सकाळी त्याची बायको रडत माझ्याकडे आली. उलट्या थांबेनात म्हणून त्याला रुग्णवाहिकेतून नेलं होतं, आणि डॉक्टर विचारत होते, नक्की कोणती अळंबी? भाजी तर सगळी संपलेली. मी धावत तळमजल्यावर गेले. ओमांनी एकच विचारलं, "साफ केल्यावर देठं कुठे टाकली?"

मग मी जे पाहिलं ते सांगते. ती ऐंशीला टेकलेली बाई ओल्या कचऱ्याचा डबा अंगणात आडवा करून गुडघ्यांवर बसली. चहाचा चोथा, केळ्याच्या साली, कुजकी पानं नुसत्या हातांनी उपसत होती. शेवटी एक तुकडा सापडला. तो चिरून त्यांनी मला दाखवला. कप्पे. जागेवरूनच त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. "लोर्शेल आहे. यकृतावर लक्ष ठेवा, लगेच." पुढे डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून बरं झालं.

दहा दिवसांनी तो घरी आला. तोवर इमारतीत कुजबुज सुरू झाली होती. भाडेकरूंची सभा भरली. कोणीतरी म्हणालं, एखादं मूल मरायच्या आधी हे बाकावरचं दुकान बंद करा. सगळ्यांनी आमच्या शेजाऱ्याकडे पाहिलं. तो उठून म्हणाला, "जंगलात आम्हाला यांनीच नेलं होतं."

बस, एवढंच. वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर माझा आजही तिळपापड होतो. पाइनचं जंगल, न दाखवलेली पिशवी, कचऱ्यातले ते हात, सगळं त्या एका खऱ्या वाक्याखाली गाडलं गेलं.

ओमांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने कोपर लावलं. "कशाला मध्ये पडतेस? रोजचं येणंजाणं आहे त्यांचं-आपलं." आणि मी गप्प बसले. मी, जिने सगळं ऐकलं होतं, पाहिलं होतं! शेजाऱ्यावर जेवढी चिडते, त्याहून जास्त स्वतःवर चिडते.

आठवड्याभरात प्रवेशद्वारावर नोटीस लागली. इमारतीच्या आवारात अळंबी तपासायला मनाई. बाकसुद्धा उचलून नेला. मी माफी मागायला गेले, तेव्हा ओमा कणीक मळत होत्या. "तुझं जर्मन आता चांगलं झालंय," त्या एवढंच म्हणाल्या. म्हणजे सभेत बोलायला भाषेची अडचण नव्हती. कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी एकेका दारी जाऊन खरं काय ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. नोटीस तशीच राहिली.

सप्टेंबरमध्ये ओमा बहिणीकडे, उत्तरेला राहायला निघाल्या. सामानाची गाडी पुढे गेली. भाच्याच्या मोटारीत बसताना त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील, हक्कच आहे त्यांचा. त्यांनी हळूच विचारलं, "त्याच्या यकृताचा शेवटचा रिपोर्ट आला का?"

"आला. सगळं ठीक आहे."

"गुट," म्हणजे छान, एवढं म्हणून त्यांनी पट्टा लावला.

मोटार वळणाआड गेल्यावर मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या खिडकीची झडप भर दुपारी पूर्ण खाली ओढलेली होती.